लायब्ररी सारे भेद मिटवत नाही

स्टँडर्ड लायब्ररी असली की विंडोज-लिनक्सचा भेद उरत नाही, हे गेल्या अंकातील लेखाचे विधान नवशिक्यांची दिशाभूल करणारे आहे.

१) पायथॉनचे ‘ओएस.रिनेम’ पाहा. नव्या नावाची फाइल आधीच असेल, तर विंडोजवर एरर येते. लिनक्सवर परवानगी असल्यास जुनी फाइल मुकाट्याने उडते. म्हणूनच २०१२ साली ३.३ आवृत्तीत ‘ओएस.रिप्लेस’ द्यावे लागले.

२) ‘ओएस.फोर्क’ विंडोजवर मुळात नाहीच.

३) एन्कोडिंग न सांगता फाइल उघडली, तर लिनक्सवर सहसा यूटीएफ-८ धरले जाते. विंडोजवर पायथॉनच्या ३.१४ पर्यंतच्या आवृत्त्या सिस्टीमचे जुने कोडपेज धरतात. ते १२५२ असेल, तर देवनागरीचे पहिलेच अक्षर लिहिताना प्रोग्राम कोसळतो.

अशा अडचणींचे खापर लेखकाने प्रोग्रामरच्या आळसावर फोडले आहे. एवढे खरे की, कोणते फंक्शन कुठे उपलब्ध आहे, हे पायथॉनच्या अधिकृत माहितीत नोंदवलेले असते. लेखकाने ती चाळली असती, तर असे सरसकट विधान केले नसते.

प्रोग्राम जिथे चालवायचा, तिथेच तपासावा, एवढे तरी विद्यार्थ्यांना सांगावे.

— एक प्रोग्रामर, नाशिक