शिखराचे छायाचित्र आणि भिंतीवरचा सराव

मे २०१६ या एकाच महिन्यात भारतीय आरोहणाच्या क्षेत्रात दोन घटना घडल्या. पहिली नवी मुंबईत. बोल्डरिंग, म्हणजे दोराविना ठेंगण्या पण अवघड भिंती चढण्याच्या प्रकारातील विश्वचषक मालिकेची एक फेरी तेथे झाली. या मालिकेने भारतात पाऊल ठेवले ते तेव्हा प्रथमच. त्यामागे पुढाकार होता ‘गिरिविहार’ या मुंबईतील जुन्या, स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या संस्थेचा. दुसरी घटना अशी की, पुणे पोलीस दलातील एका दाम्पत्याने एव्हरेस्ट सर केल्याचा दावा केला. पुरावा म्हणून दिलेली छायाचित्रे प्रत्यक्षात बेंगळूरुत नोकरी करणाऱ्या सत्यरूप सिद्धांत या गिर्यारोहकाची होती. संगणकावर त्यांत फेरफार करण्यात आला होता. नेपाळ सरकारने त्या दोघांवर दहा वर्षांची बंदी घातली आणि पुढे त्यांना पोलीस सेवेतूनही बडतर्फ करण्यात आले.

यांपैकी दुसरी घटना बहुतेकांना आठवते, पहिली क्वचितच कोणाला. या विस्मरणातच आपल्या आरोहणाचे दुखणे दडले आहे, असे मला वाटते.

त्या दाम्पत्याचा अपराध त्यांचा स्वतःचा होता, यात शंका नाही. मात्र, असे खोटे ज्या हवेत फोफावते ती हवा आपण सर्वांनी मिळून तयार केली आहे. सत्कार, पारितोषिके, वृत्तपत्रांतील छायाचित्रे हे सारे शिखरावर पोहोचणाऱ्याच्या वाट्याला येते. शिखर शंभर मीटरवर असताना हवामान पाहून मागे फिरणाऱ्याला कोणी हार घालत नाही. वास्तविक अनेकदा तोच निर्णय अधिक कठीण आणि अधिक शहाणपणाचा असतो. सिद्धांत यांना लहानपणी दम्याचा विकार होता. पुढे, जानेवारी २०१९ मध्ये, सातही खंडांतील सर्वोच्च शिखरे आणि सर्वोच्च ज्वालामुखी पर्वत पूर्ण करणारे सर्वांत तरुण गिर्यारोहक म्हणून त्यांची नोंद झाली. त्यांची कहाणी ‘जिद्दीची कहाणी’ म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेही. पण जिद्द हा शब्द उच्चारला की आपली जबाबदारी संपली, असे समाज मानू लागतो, तेव्हा तोच शब्द अडसर ठरतो.

मी बेंगळूरुत राहतो. आरोहणासाठी निसर्गाने या शहराला जे दिले आहे, ते देशातील फार थोड्या महानगरांना लाभले आहे. तुरहळ्ळीचे धोंडे शहराच्या वेशीवर आहेत. रामनगरचे खडक ‘शोले’मुळे साऱ्या देशाला ठाऊक आहेत. सावनदुर्गाचा प्रचंड एकसंध कातळ आणि उत्तरेस बदामीचे लाल वालुकाश्माचे कडे जगभरच्या आरोहकांना खुणावतात. शहराच्या मध्यभागी, कंठीरव स्टेडियमच्या आवारात, कृत्रिम भिंतही आहे.

या भिंतीवरच्या खेळाचे एक वैशिष्ट्य मला नेहमी मोलाचे वाटत आले आहे. येथे पडणे लपवता येत नाही. बोल्डरिंगच्या स्पर्धेत तर प्रत्येक प्रयत्न मोजला जातो. सरावाच्या एका संध्याकाळी मुले एकाच पकडीवरून दहा-दहा वेळा निसटतात, उठतात, हातांना खडूची भुकटी लावतात, काही वेळ भिंतीकडे पाहत बसतात आणि पुन्हा चढू लागतात. फजिती सर्वांसमक्ष होते आणि तिची लाज कोणाला वाटत नाही. चिकाटी अंगी बाणते ती अशा ठिकाणी. व्याख्यानांनी ती येत नाही.

बेंगळूरुच्याच मणिकंदन कुमार यांचे उदाहरण पाहावे. पोलिओने पाय अधू झालेल्या या आरोहकाने २०१२ मध्ये पॅरिस येथील जागतिक पॅरा-क्लायम्बिंग स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. त्याच्याविषयी लिहिताना ‘अपंगत्वावर मात’ हे शब्द आपसूक येतात. त्या शब्दांत कौतुक असते, पण सारा भार एका माणसाच्या खांद्यावर टाकून मोकळे होण्याची सोयही असते. भिंत, प्रशिक्षक, खाली दोर धरून उभा राहणारा साथीदार आणि परदेशवारीचा खर्च यांवाचून असे पदक मिळत नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस पॅरालिम्पिकमध्ये पॅरा-क्लायम्बिंगचा प्रथमच समावेश होत आहे. मणिकंदनच्या मागून येणाऱ्या मुलामुलींसाठी आपण काय उभे केले, हा प्रश्न तेव्हा टाळता येणार नाही.

कोणी म्हणेल, मुळात जिद्दच नसेल तर भिंती बांधून काय होणार? आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर म्हणून मालावत पूर्णा या तेलंगणातील आदिवासी मुलीकडे बोट दाखवता येईल. मे २०१४ मध्ये, वयाची चौदा वर्षेही पूर्ण झालेली नसताना, तिने एव्हरेस्ट सर केले. इतक्या कोवळ्या वयात मुलांना तेथे न्यावे का, याविषयी माझे मत प्रतिकूल आहे. पण शेतमजुराची ही मुलगी सरकारी निवासी शाळेत शिकत होती. भोंगीरच्या खडकावर आणि नंतर हिमालयात तिला पायरीपायरीने तयार करण्यात आले, ही बाब महत्त्वाची आहे. जिद्द तिची होती. ती हुडकून काढणारी व्यवस्था मात्र शासनाची होती. साताऱ्याच्या प्रियांका मोहिते यांनी २०१३ मध्ये एव्हरेस्ट गाठले आणि २०२२ मध्ये कांचनजुंगा. आठ हजार मीटरवरील पाच शिखरे सर करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. या दोन मोहिमांमध्ये नऊ वर्षांचे अंतर आहे आणि त्यातील काही काळ त्या बेंगळूरुत नोकरी करत होत्या. सहनशक्ती ही अशी संथपणे, वर्षानुवर्षे घडत जाते.

इंडोनेशियाकडूनही शिकण्यासारखे आहे. ऑगस्ट २०२४ पूर्वी त्या देशाची सर्व ऑलिम्पिक सुवर्णपदके बॅडमिंटनमधील होती. पॅरिसमध्ये वेद्रिक लिओनार्दो याने १५ मीटरची भिंत ४.७५ सेकंदांत चढून ही परंपरा मोडली. त्याच्या पाच वर्षे आधी त्याच देशाच्या आरिएस सुसांती हिने महिलांमध्ये प्रथमच सात सेकंदांची सीमा ओलांडली होती. स्पीड प्रकारातील भिंत जगभर एकसारखी असते. पकडींच्या जागाही त्याच. म्हणजे तीच भिंत आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी उभारता येते आणि एखादा मुलगा रोज जगाशी आपली तुलना करू शकतो. तरीही टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिम्पिकमध्ये या खेळात एकही भारतीय नव्हता.

म्हणून माझी अपेक्षा साधी आहे. भिंत बांधून फीत कापण्यापेक्षा तिच्या देखभालीला आणि तिच्यावर नवनवे मार्ग रचणाऱ्या जाणकारांना नियमित वेतन मिळावे. महाराष्ट्र आणि कर्नाटकात पदरमोड करून हा खेळ जगवणाऱ्या संस्थांना शासनाने बरोबरीचे भागीदार मानावे. पुरस्कार देताना शिखरांच्या संख्येबरोबर, किती मुले घडवली हेही विचारले जावे. आणि मागे फिरण्याचा निर्णय ही विद्या प्रत्येक प्रशिक्षणवर्गात शिकवली जावी.

आपल्याकडे जिद्दी मुलांची वानवा नाही. त्यांना वारंवार पडता यावे आणि पुन्हा उभे राहता यावे, अशा जागांची मात्र आहे. त्या निर्माण केल्या, तर उसन्या छायाचित्राचा मोह पडणारे पुढच्या पिढीत कमी असतील आणि नवी मुंबईसारखी स्पर्धा झाली, तर ती आपल्या लक्षातही राहील.