पाचट कुट्टी यंत्राची थरथर

उसाचें पाचट न जाळतां त्याची कुट्टी करून तें सरींतच कुजूं देण्याची चाल बागाईतदारांत वाढत आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु कुट्टीचें यंत्र, म्हणजे मल्चर, थरथरूं लागलें असतां आपण जें करतों तें शहाणपणाचें नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. 'एवढा तुकडा उरकून घेऊं' म्हणून आपण तें तसेंच रेटतों, किंवा मिस्त्रीस बोलावून बेअरिंग बदलतों आणि मोकळे होतों.

गेल्या हंगामांत आम्हीही हेंच केलें. महिन्याभरांत दोन वेळां बेअरिंग घातलें व दोन्ही वेळां तें गेलें. अखेरीस यंत्र टेकूंवर घेऊन पातीं मोजलीं, तों एक पातें बोल्टासकट नाहींसें! तें कोठें उडालें याचा पत्ता अद्याप नाहीं. त्याच शेतांत त्या आठवड्यांत बायामाणसें पाचट सारीत होतीं, हें आठवलें म्हणजे अंगावर कांटा उभा राहतो.

एका पात्यानें एवढें काय होतें, असें कोणी विचारील. रोटर मिनिटास १,८०० फेरे घेत असेल, आणि मध्यापासून २० सेंटिमीटरांवर एका अंगास अर्धा किलो वजन कमी पडलें, तर बेअरिंगांवर सुमारें ३६० किलो वजनाइतकी ओढ येते, आणि ती दर फेऱ्यास चोहों बाजूंनीं फिरते. फेरे दुप्पट झाले तर ओढ चौपट होते. अशा स्थितींत नवें बेअरिंग कसें टिकावें? आमचा जन्म महसुली दप्तरांत गेला. तेथें तेरीज जुळेना तर वही बदलीत नसत, चुकलेली रक्कम शोधीत असत. यंत्रासही तोच न्याय लावावा.

थरथर जाणवतांच पीटीओ बंद करावा. तेवढ्यानें ती थांबली, तर दोष शाफ्टांत किंवा यंत्रांत आहे; न थांबली, तर ट्रॅक्टरांत. मग इंजिन बंद करून किल्ली खिशांत घालावी, व रोटर पूर्ण थांबल्यावर, भक्कम टेकू दिल्यावांचून खालीं हात घालूं नये. प्रथम रोटरास तार, दोरी वा ठिबकची नळी गुंडाळली आहे काय तें पाहावें. नंतर पातीं मोजावीं. तुटलेलें पातें एकटें न बदलतां समोरासमोरची जोडीच बदलावी, आणि घांसून धार लावल्यास दोन्ही पातीं तराजूंत तोलावीं. बोल्ट सैल वा भोकें झिजलेलीं आहेत काय तेंही तपासावें. त्यानंतर शाफ्ट: नळीच्या दोन टोकांचे योक एका रेषेंत असावेत व क्रॉस खिळखिळा नसावा. यंत्र उचलतांच थरथर वाढत असेल, तर शाफ्टचा कोन फार होतो असें समजावें. पट्टे झिजले असल्यास सर्व संच एकदम बदलावा. बेअरिंगाची पाळी या सर्वांनंतर. रोटर वांकला असेल तर ठोकून सरळ करण्याच्या भरीस न पडतां, तोल साधून देणाऱ्या कारखान्यांत न्यावा.

यंत्र तासावर भाड्यानें आणणारांनीं तर विशेष सावध असावें. घाई चालकाची, पण शेत आणि त्यांतील माणसें आपलीं! यंत्र बांधाच्या आंत येण्यापूर्वीं पातीं मोजून घ्यावीं, आणि चालूं असतां कोणासही जवळपास उभें राहूं देऊं नये. तपासणीस लागलेल्या वेळाचें भाडें मालकानें मागूं नये, व शेतकऱ्यानेंही थांबण्याबद्दल कुरकुर करूं नये.

आमची संस्थेस सूचना आहे कीं, तिनें वजनानें जुळविलेल्या पात्यांच्या जोड्या भांडारांत ठेवाव्या. खर्च थोडा आहे. न ठेवल्यास पुढचें उडालेलें पातें कोणास लागेल, हें कोणी सांगावें?