कमांडो युद्ध आणि लोकशाहीची जबाबदारी

शत्रूच्या पिछाडीस घुसून घाला घालणाऱ्या निवडक तुकड्यांविषयी आपल्याकडे मोठ्या कौतुकाने बोलले जाते. त्या सैनिकांच्या धैर्याविषयी वाद नाही. प्रश्न आहे तो त्यांना पाठविणाऱ्या सत्तेचा. गेल्या आठ दशकांत या युद्धतंत्राची केवळ शस्त्रे बदलली नाहीत. ते जाहीर युद्धाच्या चौकटीबाहेर पडले, हा खरा बदल आहे.

१९४१ साली उत्तर आफ्रिकेत डेव्हिड स्टर्लिंग यांनी ब्रिटिश 'एस.ए.एस.' दल उभारले, ते शत्रूच्या विमानतळांवर उभी असलेली विमाने नष्ट करण्यासाठी. १९४३ साली ऑर्ड विंगेट यांचे सुमारे ३,००० 'चिंडिट' ब्रह्मदेशात जपानी फळीमागे गेले. त्यांतील ८१८ परतले नाहीत. किंमत भयंकर होती. परंतु युद्ध जाहीर होते, आघाडी नकाशावर दिसत होती आणि पकडलेल्या सैनिकाला युद्धकैद्याचे हक्क होते. ऑक्टोबर १९४२ मध्ये हिटलरने पकडलेल्या कमांडोंना ठार मारण्याचा गुप्त आदेश काढला. न्यूरेंबर्गच्या खटल्यात तो युद्धगुन्हा ठरला.

एप्रिल १९८० मध्ये तेहरानमधील ओलिसांना सोडविण्याची अमेरिकी मोहीम वाळवंटातच फसली आणि ८ सैनिक मृत्युमुखी पडले. त्या अपयशातून पुढे १९८७ मध्ये अशा सर्व दलांची एक स्वतंत्र कमांड निर्माण झाली. आज तिचे मनुष्यबळ ७०,००० च्या आसपास आहे. अपवादात्मक साधनाची कायमची संस्था झाली की तिला कामही कायमचे लागते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे नवे नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये नायजर येथे ४ अमेरिकी सैनिक मारले गेले, तेव्हा तेथे आपले हजारभर सैनिक आहेत हे आपल्याला ठाऊक नव्हते, अशी कबुली लिंडसे ग्रॅहम यांच्यासारख्या ज्येष्ठ सिनेटरने दिली. शत्रूला चकविण्यासाठी असलेली गुप्तता आता लोकप्रतिनिधींनाही अंधारात ठेवू लागली होती.

अशा अंधारात काय घडते, हे ऑस्ट्रेलियाच्या अधिकृत चौकशीने नोव्हेंबर २०२० मध्ये सांगितले. त्या देशाच्या विशेष दलाने अफगाणिस्तानात ३९ जणांची बेकायदा हत्या केल्याची विश्वसनीय माहिती चौकशीस मिळाली, आणि यांतील एकही हत्या लढाईच्या धुमश्चक्रीत झालेली नव्हती.

आपण भारतीयांनी हे दुसऱ्याचे दुखणे मानू नये. ४ डिसेंबर २०२१ रोजी नागालँडमधील ओटिंग येथे लष्कराच्या विशेष दलाने दबा धरून, घरी परतणाऱ्या कोळसा खाणकामगारांच्या गाडीवर गोळीबार केला. ६ मजूर ठार झाले. त्यानंतरच्या संघर्षात आणखी ७ ग्रामस्थ आणि एक जवान मृत्युमुखी पडले. येथे शत्रूची पिछाडी नव्हती, आपलेच नागरिक होते. राज्य पोलिसांनी ३० जवानांविरुद्ध आरोपपत्र दाखल केले. २०२३ मध्ये केंद्राने खटल्यास परवानगी नाकारली आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कार्यवाही बंद केली.

मोहिमेपूर्वी गुप्तता हवी, हे मान्य. परंतु मोहिमेनंतरही हिशेब द्यावयाचा नसेल, तर ती गुप्तता राष्ट्राच्या नव्हे, सत्तेच्या संरक्षणासाठी असते. अशा प्रत्येक मोहिमेचा अहवाल ठरावीक मुदतीत संसदीय समितीपुढे यावा, आणि नागरिकाचा बळी गेल्यास खटल्याच्या परवानगीचा निर्णय सरकारच्या एकट्या मर्जीवर राहू नये, एवढ्या दोन मागण्या कार्यकर्त्यांनी लोकांपुढे न्याव्यात. ओटिंगच्या मजुरांच्या घरी आजही या प्रश्नाचे उत्तर पोहोचलेले नाही.