आत्या, तिथी आणि ३४ किलोमीटर

"अगं, उद्या तिथी कोणती?"

रात्रीची जेवणं झाली होती, पाठीवरच्या पिशव्या भरून झाल्या होत्या, पहाटेचा गजर लावून झाला होता. अशा वेळी आत्याने हा प्रश्न विचारला आणि मला हसूच आलं. आम्हाला सकाळी चालायला जायचं होतं, सत्यनारायण घालायचा नव्हता!

मागच्या वेळी सांगितलं होतं, आठवतंय ना? एका चॅरिटी वॉकमध्ये आम्ही चौघं नाव दिलंय. मी, माझी ऑफिसमधली मैत्रीण, आतेभाऊ आणि ५३ वर्षांची आत्या. अंतर ५० किलोमीटर, वेळ १२ तास. अट एकच, चौघांनी शेवटची रेषा एकत्र ओलांडायची. एकाने मध्येच सोडलं तर टीम बाद.

वॉकच्या तीन आठवडे आधी एकदा तरी लांब पल्ला चालून बघायचा असतो. पूर्ण ५० नाही, त्याच्या दोन तृतीयांश पुरे. म्हणून आम्ही आत्याच्या घरी अलिबागला गेलो होतो. अलिबाग ते रेवदंडा, जाऊन-येऊन साधारण ३४ किलोमीटर. प्लॅन माझाच. पहाटे ओहोटी लागली की किनाऱ्याने जायचं आणि ऊन वाढलं की झाडांच्या सावलीतल्या रस्त्याने परत यायचं.

"तेरस आहे," आतेभाऊ कॅलेंडर बघून म्हणाला.

"मग तेराची पाऊणपट किती?"

"पावणेदहा."

"म्हणजे पावणेदहाला पूर्ण भरती. तुम्ही किनाऱ्याने चालणार की पोहत जाणार?"

मी घाईघाईने मोबाईल काढला. आत्या बरोबर होती. भरती-ओहोटीची वेळ मी ॲपवर बघितली होती, पण ती आधीच्या शनिवारची. त्या दिवशी षष्ठी होती. पहाटे साडेचारला भरती आणि पावणेअकराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. आमचं जाणं एक आठवडा पुढे ढकललं गेलं आणि वेळ पुन्हा बघायचं मी विसरले. समुद्र काही माझ्यासाठी थांबला नव्हता.

कोकणातल्या कोळ्यांना हे गणित तोंडपाठ असतं. पक्षातली तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, म्हणून पाऊणपट. हे गणित कोकण किनाऱ्याचं आहे बरं का. चेन्नई, पुरीच्या वाचकांनी ते तिकडे लावू नये, तिथल्या वेळा वेगळ्या.

रात्री साडेनऊला आम्ही प्लॅन उलटा केला. सकाळी रस्त्याने जायचं, दुपारनंतर किनाऱ्याने परत.

पहाटे साडेपाचला निघालो. अंधार, थंडी आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणारा रस्ता. आक्षी, नागाव, मग चौल. चौल हे फार जुनं बंदर. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी इथे उतरला आणि पुढे जुन्नर, बीदरपर्यंत गेला. त्याच्या पायात कसले बूट होते कोण जाणे. माझ्या पायात नवे कोरे होते, आणि तीच माझी दुसरी चूक होती.

रेवदंड्याच्या किल्ल्याच्या तटातूनच रस्ता गावात शिरतो. दहाच्या सुमारास आम्ही समुद्रावर पोचलो तेव्हा पाणी अगदी वरपर्यंत आलेलं. माझ्या मूळ प्लॅनप्रमाणे निघालो असतो तर कुठेतरी मधेच अडकलो असतो. आत्या काही बोलली नाही. तिने फक्त माझ्याकडे बघून केळं सोललं.

एक वाजता परतीला लागलो. पाणी उतरत होतं आणि ओली, घट्ट वाळू उघडी पडत होती. वाळूवर चालताना एक गोष्ट कळली. वरची कोरडी वाळू पाय ओढून घेते, पिंढऱ्या भरून येतात. मधला भाग समुद्राकडे उतरता असतो, तिथे सतत चाललं की एकाच बाजूचा गुडघा बोलायला लागतो. पाण्याजवळची सपाट वाळू सगळ्यात बरी. मात्र तिथे एखादी लाट बुटात शिरतेच. माझ्या शिरली. मी तशीच चालत राहिले.

पंचविसाव्या किलोमीटरच्या आसपास, नागावला, मला पाऊल टेकवेना. टाचेवर हा एवढा फोड.

"मी रिक्षा करते," मी म्हटलं. "आज काही खरा वॉक नाहीये."

खरं सांगू? इतके दिवस मला काळजी होती ती आत्याची. ती दमली तर? तिच्यामुळे टीम बाद झाली तर? आणि वाळूत बसून रडवेली झाले होते मी.

आत्या सुरूच्या झाडाखाली बसली. माझा पाय मांडीवर घेतला, वाळू झटकली, टॉवेलने कोरडा केला. फोड न फोडता त्यावर कापसाची घडी ठेवून चिकटपट्टी लावली आणि स्वतःच्या पिशवीतले कोरडे मोजे काढून दिले. हे सगळं करताना ती बोलत होती.

"तुझ्या काकांना मशीनवर चार चार तास हलता यायचं नाही. आठवड्यातून तीनदा. मी बाहेर बाकावर बसायचे. तेव्हा सारखं वाटायचं, उठावं आणि नुसतं चालत सुटावं. पण जाणार कुठे?"

काकांना जाऊन आता दीड वर्ष झालं. तीन वर्षं त्यांचं डायलिसिस चालू होतं. आठवड्याचे १२ तास. आमच्या वॉकची वेळही १२ तास. हा हिशोब मी तोवर केलाच नव्हता. आत्याने मात्र नाव दिलं त्या दिवशीच केला असणार.

आमचा निधी रुग्णांच्या प्रवासासाठी आहे. गरीब रुग्णांना जिल्हा रुग्णालयात मोफत डायलिसिस मिळावं म्हणून २०१६ पासून राष्ट्रीय योजना आहे. पण गावाकडून तिथवर आठवड्यातून तीनदा जायचं-यायचं, सोबत एक माणूस, त्याचीही मजुरी बुडणार. मोफत उपचारसुद्धा असे परवडेनासे होतात.

नातेवाईक मला विचारतात, "पैसेच द्यायचेत तर सरळ द्या ना, चालायचं कशाला?" माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. आता थोडं आहे. आत्या चालते म्हटल्यावर लोक थांबून विचारतात, मग किडनीचा विषय निघतो. मधुमेह आणि रक्तदाब ही किडनी निकामी होण्याची मोठी कारणं आहेत, हे आत्या प्रत्येकाला सांगते. तिच्या भिशीतल्या दोघींनी त्यानंतर तपासणी करून घेतली. नुसत्या पैसे पाठवण्याने हे झालं नसतं.

रिक्षा केली नाही. आक्षीच्या पुढे खाडी आहे, तिथे पुलावरून रस्त्याने गेलो. सव्वासहाला अलिबागच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा सूर्य बुडत होता आणि कुलाबा किल्ल्याकडची वाट पुन्हा पाण्याखाली जात होती. चौघं एकत्र पोचलो, माझ्या वेगाने. सगळ्यात हळू मीच होते ना!

तुम्हीही असं काही ठरवत असाल तर माझ्या चुकांमधून शिका:

• बूट किमान महिनाभर वापरलेले हवेत. नवे बूट लग्नात घाला.
• जादा मोजे जवळ ठेवा. ओले झाले की लगेच बदला.
• खजूर, केळी, चिक्की आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी थोडं थोडं घेत राहा. भूक लागायची वाट बघू नका.
• भरतीची वेळ आदल्या रात्री पुन्हा बघा. किनाऱ्यावरच्या माणसाला विचारलंत तर आणखी छान.

आणि एक विनंती. तुमच्या ओळखीत कुणी डायलिसिसला जात असेल तर "तब्येत कशी आहे?" एवढ्यावर थांबू नका. "जाता कसे? सोबत कोण असतं?" हेही विचारा. कदाचित एखाद्या दिवशी त्यांना फक्त गाडीवरून सोडणारं कुणीतरी हवं असेल.