रुमाल टाकून जागा मिळत नाही

दिवाळीच्या फोनवर यंदाही तोच प्रश्न आला. पुण्याची भाची म्हणाली, "मावशी, फॉर्म आजच सबमिट करू का? लवकर भरला की चान्स वाढतो म्हणे." मागून तिच्या बाबांनी री ओढली, "शुभस्य शीघ्रम्!" एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेल्या आमच्या पिढीला हे लगेच पटतं. पण अमेरिकेतल्या बहुतेक पीएचडी आणि बऱ्याच मास्टर्स प्रवेशांना हा न्याय लागू नाही.

तिथे मुदत ठरलेली असते. पीएचडीची बहुधा डिसेंबरात, बऱ्याच ठिकाणी १ किंवा १५ तारखेला. प्राध्यापकांची समिती सहसा मुदत संपल्यावरच अर्ज वाचायला बसते. ऑक्टोबरात पाठवलेला अर्ज तोवर नुसता पडून राहतो, आणि एकदा पाठवला की निबंधातला शब्दही सहसा बदलता येत नाही. माझ्या एका भाच्याने सप्टेंबरातच सगळे अर्ज उरकले. ऑक्टोबरअखेर त्याचा शोधनिबंध स्वीकारला गेला, अर्जात मात्र तो 'पाठवला आहे' इतकाच राहिला. घाईने त्याला मिळालं काहीच नाही.

अपवाद आहेत. काही मास्टर्स अभ्यासक्रमांत अर्ज येतील तसे वाचून जागा भरत जातात. तिथे रुमाल टाकावाच. एमबीएला फेऱ्या असतात, त्यात पहिल्या दोन महत्त्वाच्या. शिष्यवृत्तीची तारीख कुठे कुठे प्रवेशाच्या आधीच येते. म्हणून मित्राने काय केलं ते विचारण्याआधी त्या त्या विभागाचे नियम वाचावेत.

"मग शेवटच्या रात्रीपर्यंत थांबू?" अजिबात नको. पूर्व किनाऱ्यावरची डिसेंबरातली रात्री ११:५९ म्हणजे भारतात दुसऱ्या दिवशी सकाळचे १०:२९. ही जादा सकाळ हाताशी आहे असं वाटतं आणि नेमका तेव्हाच घात होतो. शंभरेक डॉलर फी भरायला बाबांचं कार्ड काढावं, तर त्यावर परदेशी व्यवहार बंद. ते सुरू करायला ओटीपी हवा आणि बाबा लोकलमध्ये, रेंजबाहेर.

पण खरी अडचण कार्डाची नसून शिफारसपत्रांची असते. पत्रं साधारण तीन लागतात आणि ती आपल्या हातात नसतात. तिकडे भारतात दिवाळीची सुट्टी, मग सेमिस्टर परीक्षांचे पेपर; इकडे अमेरिकेत नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंग. शिवाय काही विद्यापीठांत पत्र देणाऱ्या सरांचं नाव भरताच त्यांना लिंक जाते, तर काही ठिकाणी अर्ज सबमिट केल्यावरच. दुसरा प्रकार असेल तर शेवटच्या रात्री अर्ज भरणारा सरांना पत्र लिहायला एक रात्रही देत नाही. असा अर्ज दोन-तीन आठवडे आधीच पाठवावा.

एरवी माझा हिशेब सोपा आहे: सरांना विचारणं सप्टेंबरात, त्यांची नावं भरणं ऑक्टोबरात, निबंधावर हात फिरवणं नोव्हेंबरभर आणि सबमिट मुदतीच्या आठवडाभर आधी. उरलेला आठवडा कार्डासाठी, ओटीपीसाठी आणि बंद पडणाऱ्या वेबसाइटसाठी.

तेव्हा मंडळींनो, यंदा भारतातल्या भाचरांशी बोलाल तेव्हा "फॉर्म भरलास का?" हे राहू द्या. "सरांना पत्राचं विचारलंस का?" एवढं आधी विचारा.