शर्यतीचे नियम कोणी करायचे?

१८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्र, तमिळनाडू आणि कर्नाटक या तीन राज्यांनी प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात केलेल्या दुरुस्त्या वैध ठरविल्या आणि बैलगाडा शर्यतींचा सुमारे बारा वर्षे चाललेला कायदेशीर वाद मिटला. जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारने, ज्यांचे प्रदर्शन वा खेळ करता येत नाहीत अशा प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला; ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाड्यांच्या शर्यतींवरही बंदी घातली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने आपली दुरुस्ती केली, तिला उच्च न्यायालयात आव्हान मिळाले, आणि अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने शर्यती पुन्हा सुरू झाल्या. शर्यत व्हावी की न होऊ नये, या प्रश्नाचे उत्तर आता न्यायालयाने दिले आहे. ती कशी व्हावी, या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मात्र कोणतेही न्यायालय देऊ शकणार नाही. ते शर्यत खेळणाऱ्यांनाच द्यावे लागेल.

हा प्रश्न केवळ हौशी मंडळींचा आहे असे समजणे चूक ठरेल. सप्तशृंगीच्या गडाखाली वसलेल्या वणीपासून दिंडोरीपर्यंतचा पट्टा पाहिला, तरी बैलाचे अर्थकारण किती बदलले आहे ते ध्यानात येते. द्राक्षबागांच्या दोन ओळींमधून छोटा ट्रॅक्टर फिरू लागला, कांदा आणि टोमॅटो बाजारसमितीत नेण्यास मालमोटारी आल्या, आणि बैलजोडी हे शेतीचे साधन न राहता अनेक घरांत केवळ खर्चाची बाब झाली. पशुगणनेचे आकडे हेच सांगतात. २०१२ साली देशात सुमारे ६ कोटी ७९ लाख नर गोवंश होता. २०१९ च्या गणनेत तो सुमारे ४ कोटी ७४ लाखांवर आला. सात वर्षांत जवळजवळ तीस टक्क्यांची घट झाली. ज्याच्याकडे काम नाही अशा बैलाला वर्षभर चारा घालण्यास काही कारण लागते. शर्यत हे असे एक कारण आहे, हा समर्थकांचा युक्तिवाद म्हणूनच सहज झटकून टाकता येत नाही. परंतु हे कारण लहान शेतकऱ्याच्या आवाक्यात राहणार आहे काय, हे पाहिल्याशिवाय तो युक्तिवाद पुराही होत नाही.

प्रथम कायदा काय सांगतो ते पाहू. राज्याच्या नियमांनुसार आयोजकाला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते आणि पन्नास हजार रुपयांची हमी ठेवावी लागते; धाव एक हजार मीटरपेक्षा अधिक असू नये; बैलांची पशुवैद्यकीय तपासणी व्हावी; काठी, चाबूक, टोचणी वा विजेचा धक्का देणारे कोणतेही उपकरण वापरू नये. या अटी मोडणाऱ्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. १९६० च्या मूळ कायद्याने प्राण्याला क्रूरतेने वागविण्याच्या पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड सांगितला होता. त्या तुलनेत ही शिक्षा फारच कडक आहे.

परंतु शिक्षेचा धाक केवळ तिच्या आकारावर अवलंबून नसतो. ती होण्याची शक्यता किती, यावरही तो तितकाच अवलंबून असतो. पाच लाखांचा दंड हजारांत एकाला होणार असेल, तर शर्यतीत उतरणारा त्याची धास्ती बाळगणार नाही. यात्रेच्या गर्दीत, धुळीच्या लोटात आणि आरोळ्यांच्या गजरात गाडीवानाच्या मुठीत आर लपविलेली होती, हे नंतर पोलिसांना सिद्ध करून देणार कोण? गावकरी गावकऱ्याविरुद्ध साक्ष देण्यास क्वचितच पुढे येतो. उलट, गाडी जुंपण्यापूर्वी पंचाने मूठ उघडून पाहिली आणि दोष आढळताच ती गाडी त्या दिवसापुरती बाद केली, तर शिक्षा लहान असली तरी हमखास होते. मोठी पण अनिश्चित शिक्षा आणि लहान पण निश्चित शिक्षा यांत दुसरीच अधिक परिणामकारक ठरते, हा व्यवहारातला नेहमीचा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. कायद्याचा उद्देश बैलाला होणारी वेदना टाळणे हा आहे. स्पर्धा समतोल ठेवणे, हे त्याचे काम नव्हे. आणि समतोल बिघडतो तो साधनांपासून. एकाने हलके लाकूड वापरून छकडा केला की दुसरा त्याहून हलका करतो. एकाने चाकाला गोळ्यांचे बेअरिंग बसविले की पुढच्या हंगामात सर्वांना ते बसवावे लागते. सर्वांनीच ते केल्यावर कोणाचाच नंबर पुढे सरकत नाही. खर्च मात्र सर्वांचा वाढतो. जत्रेतील तमाशा पाहताना पुढच्या रांगेतला एक जण उभा राहिला की मागच्या साऱ्यांना उभे राहावे लागते आणि अखेर कोणालाही पूर्वीपेक्षा चांगले दिसत नाही, तसाच हा प्रकार. त्यातच बक्षिसे मोटारी, ट्रॅक्टर आणि उत्खनन यंत्रांपर्यंत गेली, नावाजलेल्या बैलांच्या किमती लाखांच्या घरात पोचल्या. बक्षीस जितके मोठे, तितका मुठीतील आर लपविण्याचा मोहही मोठा. या चढाओढीत प्रथम बाहेर पडतो तो दोन-चार एकरांचा धनी, ज्याच्या नावाने या शर्यतींचे समर्थन केले जाते.

साधनांच्या चढाओढीला आळा घालण्याचा उपाय नवा नाही, आणि तो पाहण्यासाठी अगदी वेगळ्या खेळाकडे दृष्टी टाकणे उपयुक्त ठरेल. युरोपात समुद्रकिनाऱ्यावरील टणक वाळूवर शिडाच्या गाड्या पळवितात. तीन चाके, एक डोलकाठी, एक शीड आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर आडवा बसलेला चालक, एवढाच तिचा पसारा. सोळाशेच्या सुमारास डच गणिती सायमन स्टेव्हिन याने राजपुत्र मॉरिस याच्यासाठी अशी एक मोठी गाडी केली आणि ती शेवेनिंगेनच्या किनाऱ्यावरून धावली. १८९८ मध्ये बेल्जियमच्या दे पान येथे द्युमाँ बंधूंनी या छंदाला आधुनिक खेळाचे रूप दिले, आणि १९६२ मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला.

या खेळाला दोन टोके आहेत. एका टोकाला वेगाचे विक्रम. मार्च २००९ मध्ये अमेरिकेतील एका कोरड्या तळ्यावर रिचर्ड जेंकिन्स या इंग्रजाच्या ‘ग्रीनबर्ड’ने ताशी सुमारे २०३ किलोमीटरचा वेग गाठला, डिसेंबर २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातील गेर्डनर तळ्यावर न्यूझीलंडच्या ‘होरोनुकू’ने तो मोडून ताशी २२२ किलोमीटरवर नेला. असे यान बांधण्यास नामांकित नौकास्पर्धा संघाचे अभियंते आणि त्यांच्या पुरस्कर्त्यांचे पैसे लागतात. दुसऱ्या टोकाला रविवारी किनाऱ्यावर जमणारे शिक्षक, कारागीर, विद्यार्थी यांचे क्लब आहेत, आणि तेथे खेळ टिकला आहे तो मोजपट्टीमुळे. गाड्यांचे वर्ग ठरलेले असतात. एका वर्गात शिडाचे क्षेत्रफळ डोलकाठी धरून ७.३५ चौरस मीटरपेक्षा अधिक चालत नाही, दुसऱ्यात ५.५ चौरस मीटरची मर्यादा आहे. न्यूझीलंडमध्ये १९९९ साली पॉल बेकेट याने तयार केलेल्या ‘ब्लोकार्ट’ या छोट्या गाडीच्या शर्यतीत तर गाड्या एकाच घडणीच्या असतात. चालकांचे त्यांच्या वजनाप्रमाणे गट पाडले जातात, आणि ज्यांना काही सुधारणा करून पाहायच्या आहेत त्यांच्यासाठी निराळा वर्ग ठेवलेला असतो. नियम असा सर्वांना सारखा बांधतो, तेव्हा कोणाचेच नुकसान होत नाही. वाचतो तो सर्वांचा खर्च, आणि उरते ते वारा ओळखण्याचे कसब.

हे तत्त्व आपल्याला परके नाही. मुंबईच्या बंदरात ‘सीबर्ड’ जातीच्या एकसारख्या होड्यांच्या शर्यती याच तत्त्वावर चालत आल्या आहेत. कुस्तीच्या आखाड्यात पहिलवानाला काट्यावर उभे केल्याशिवाय जोड लागत नाही. बैलगाडीच्या मैदानातही त्याची सुरुवात झालेली आहे: दात न लागलेला ‘आदत’, दोन दातांचा ‘दुसा’, असे बैलांचे वयोगट पाडून शर्यती लावल्या जातात. घाटावरची बारी सेकंदाच्या अंशापर्यंत मोजली जाते. त्याच काटेकोरपणे गाडी, जू आणि गाडीवानाचा हात तपासण्याची पद्धत मात्र सार्वत्रिक झालेली नाही.

अर्थात ही तुलना एका ठिकाणी थांबते, आणि तेथे थांबणे प्रामाणिकपणाचे आहे. वाऱ्याला चाबूक मारता येत नाही. शिडाच्या गाडीचा नियम मोडला तर प्रतिस्पर्ध्यावर अन्याय होतो; बैलगाडीचा नियम मोडला तर वेदना सोसतो तो मुका प्राणी, ज्याने शर्यतीत उतरण्याचा निर्णय घेतलेलाच नाही. २०१४ च्या निकालात न्यायालयाने हीच बाब ठळकपणे मांडली होती. बैलाची शरीररचना शर्यतीसाठी नाही, असे त्याचे मत होते. २०२३ च्या निकालाने शर्यतींना वाट मोकळी केली ती सुधारित कायदा व नियम यांच्या आधारावर. म्हणजे ते नियम कागदावरच राहिले, तर परवानगीचा पायाच ढासळतो. जेथे गाडी ओढणारी शक्ती सजीव आहे, तेथे मोजपट्टी अधिक कडक हवी.

मग मोजायचे काय? यादी लांबलचक करण्याचे कारण नाही. पहिली गोष्ट गाडीची: किमान व कमाल वजन, चाकांचा व्यास आणि कण्याची मजबुती. गाडी जड असेल तर बैल थकतो. वाजवीपेक्षा हलकी असेल तर ती मोडते वा उलटते आणि बैल, गाडीवान व प्रेक्षक तिघेही संकटात सापडतात. दुसरी गोष्ट जुवाची: ते खांद्यावर नीट बसते काय, त्याला आतून खिळा वा खडबडीत कड नाही ना, शिवळा आणि जोती गळ्याला काचत नाहीत ना. तिसरी गोष्ट गाडीवानाची: सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा त्याची झडती. चौथी गोष्ट बैलाची: त्याची ओळख, वय आणि त्या दिवशी झालेल्या धावा यांची उघड्या फळ्यावर नोंद. यासाठी वजनकाटा, मोजपट्टी, खडू आणि परगावचे दोन निःस्पृह पंच पुरेत. आयोजकाने ठेवलेली पन्नास हजारांची हमी येथे उपयोगी पडेल, कारण एका गाडीवानाच्या लबाडीने आपली रक्कम बुडेल या भीतीने यात्रा समितीलाच तपासणीत रस निर्माण होतो.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, सर्व गाड्या एका मापाच्या केल्या तर सुताराच्या बुद्धीला वाव राहणार नाही. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर दोन वर्ग करण्यात आहे: मापाच्या गाड्यांचा एक, आणि नव्या घडणीच्या गाड्यांचा दुसरा, खुला. बक्षिसाचा मोठा वाटा मात्र पहिल्या वर्गाला द्यावा, म्हणजे लहान शेतकऱ्याची जोडी मैदानात टिकेल. दुसरा आक्षेप असा की, आपल्या खेड्यांत असे नियम पाळले जाणार नाहीत. बाहेरच्या लोकांची शिस्त वेगळी, आपली वेगळी.

या दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर गावानेच दिलेले आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळले जातात, आणि पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवले जात नाही. पेरणी अडली असली, तरी नाही. हा नियम कोणत्या राजपत्रात छापलेला नाही, त्याला दंड नाही, आणि तो मोडला की नाही हे पाहण्यास फौजदार येत नाही. तरीही तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला, कारण तो सर्वांनी मिळून मान्य केलेला आहे आणि मोडणाऱ्याची गावात नाचक्की होते. वर्षातील एका दिवसासाठी जे गाव एवढा संयम पाळू शकते, ते शर्यतीच्या दिवशी गाडी काट्यावर चढवू शकणार नाही आणि गाडीवानाची मूठ उघडून पाहू शकणार नाही, असे मानण्यास आधार नाही. येत्या हंगामाच्या यात्रा समित्या बसतील, तेव्हा बक्षिसाचा आकडा ठरविण्याआधी त्यांनी पंच आणि मापे ठरवावीत. ते त्यांनी केले नाही, तर उद्या कोणी पुन्हा न्यायालयाचे दार ठोठावील, आणि त्या वेळी बैलगाडीच्या बाजूने बोलण्यास फारसे काही उरलेले नसेल.