हिरवे पाणी आणि कारंज्याचा मोह

उन्हाळा तापू लागला की शहरातील तळ्यावर हिरवी साय धरते. दुर्गंधी सुटते, मेलेले मासे काठाला लागतात आणि नागरिकांची निवेदने नगरपालिकेत पोहोचतात. उत्तर म्हणून बहुधा एक कारंजे बसवले जाते. त्याचे उद्घाटन थाटात होते. साय मात्र पुढच्या वर्षी पुन्हा हजर!

पाणी घुसळून शैवाल आवरता येते, हे शास्त्र खोटे नाही. अॅमस्टरडॅमचे न्यूए मेअर हे सुमारे ३० मीटर खोल तळे त्याचा दाखला आहे. तेथे मायक्रोसिस्टिस या विषारी नील-हरित शैवालाचा उपद्रव होता. याच्या पेशींत वायूचे सूक्ष्म कोश असतात. त्यांच्या बळावर ते स्थिर पाण्यात वर तरंगते आणि ऊन आपल्याकडे घेते. १९९३ मध्ये तेथे तळाशी छिद्रे असलेल्या नळ्यांतून हवा सोडण्यात आली. बुडबुड्यांबरोबर तळाचे गार पाणी वर आले, वरचे खाली गेले. तरंगण्याचा लाभ संपला. शैवालाचा बराच काळ अंधारात जाऊ लागला आणि त्याचे वर्चस्व मोडले. आपल्या नैनितालच्या खोल सरोवरातही तळाच्या पाण्याला प्राणवायू मिळावा म्हणून २००७ पासून हवा सोडली जाऊ लागली.

परंतु या यशाची मर्यादाही ध्यानात घ्यावी. न्यूए मेअरच्या पाण्यातील फॉस्फरस आणि नायट्रोजन विपुलच राहिले. शैवालाचे खाद्य संपले नव्हते. शिवाय खोली हाच या उपायाचा प्राण आहे. तीन-चार मीटरांच्या तळ्यात शैवालाला पुरेसा अंधारच लाभत नाही. उलट घुसळणीने तळाचा गाळ उठून त्यातील फॉस्फरस पाण्यात मिसळू शकतो. कारंजे तर केवळ वरचेच पाणी उडवते. एकीकडे नाल्याचे सांडपाणी तळ्यात सोडायचे आणि दुसरीकडे विजेवर पाणी नाचवायचे, हा रोग पोसून लक्षणांवर लेप लावण्याचा प्रकार झाला.

म्हणून यापुढे अशी योजना मांडली गेली, की जागरूक नागरिकांनी तीन प्रश्न विचारावेत. तळे किती खोल आहे? त्यात किती नाले येतात आणि ते कधी वळवणार? यंत्राचे वीजबिल व देखभाल दहा वर्षे कोण सांभाळणार? उत्तरे मिळेपर्यंत उद्घाटनाची फीत कापू देऊ नये. पूर्वजांनी खणलेली तळी पुढच्या पिढीच्या हाती निर्मळ सोपवायची, तर आरंभ नाल्याच्या तोंडापासूनच केला पाहिजे.